सोळाव्या वर्षी तीनच विषय!

यंदाच्या दिवाळी अंकासाठी काय लिहावे, हा प्रश्न वाचकांनीच सोडवून टाकला आहे. विलायतेतल्या घरगुती गोष्टींवर मी या सदरात लिहिते, आणि वर्षभर तुमची पत्रे येत असतात. त्यांत या वेळी सर्वांत अधिक भरणा आहे तो मुलांच्या शिक्षणाविषयीच्या पत्रांचा. नाशिकच्या एका आजींनी लिहिले आहे, "माझी नात लंडनजवळ असते. सोळावे सरले. परवा फोनवर म्हणाली, आजी, आता मी तीनच विषय शिकणार, बाकीचे सोडले. माझ्या तर पोटात धस्स झाले. पोर शाळा सोडते आहे की काय?" ठाण्याच्या एका भगिनींचे यजमान नोकरीनिमित्त पुढच्या वर्षी सहकुटुंब इंग्लंडला यायचे म्हणतात. मुलगी दहावीत आहे. तिला सोबत आणावे की बारावीपर्यंत मावशीकडे ठेवावे, असा त्यांचा प्रश्न.

दोन्ही पत्रे आली तीही अगदी वेळेवर. इथल्या मराठी घरांत दिवाळी येते ती नेमकी विद्यापीठाच्या अर्जांच्या हंगामात. एकीकडे चकल्या तळणे चालू असते आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुलगा किंवा मुलगी अर्ज भरीत बसलेली असते. तेव्हा आज फराळाच्या गोष्टी बाजूला ठेवून या विषयाबद्दलच चार शब्द लिहिते.

आजींना आधी दिलासा देते. नातीने शाळा सोडलेली नाही. ती 'सिक्स्थ फॉर्म'मध्ये गेली आहे. पूर्वी इथल्या माध्यमिक शाळेत अकराव्या वर्षी पहिला फॉर्म सुरू होई, सोळाव्या वर्षी पाचवा संपे आणि पुढची दोन वर्षे मिळून सहावा. खालचा सहावा आणि वरचा सहावा. आता शाळा इयत्ता बारा आणि इयत्ता तेरा म्हणतात, पण जुने नाव काही सुटले नाही. त्याआधी, म्हणजे सोळाव्या वर्षी, मुले जीसीएसई नावाची परीक्षा देतात. तिला आपली दहावी म्हणा. तिच्यात आठ, नऊ, क्वचित दहा विषय असतात आणि ९ पासून १ पर्यंत श्रेणी मिळते. ९ ही सर्वांत वरची. त्यानंतर बहुतेक मुले तीन विषय निवडतात आणि दोन वर्षे तेवढेच शिकतात. ही 'ए लेव्हल'. ती १९५१ साली सुरू झाली आणि अजून टिकून आहे. सरकारी शाळेत या दोन वर्षांना फी नसते. शिवाय २०१५ पासून इंग्लंडमध्ये अठराव्या वाढदिवसापर्यंत शिक्षणात किंवा कामाच्या प्रशिक्षणात राहणे बंधनकारक आहे. म्हणजे आजी, नातीने मनात आणले तरी तिला एवढ्यात शिक्षण सोडता यायचे नाही!

आपल्याकडे दहावीनंतर शाखा निवडायची असते. विज्ञान, वाणिज्य, कला. शाखा ठरली की विषय बरेचसे आपोआप ठरतात. इथे शाखाच नाहीत. रसायन, इतिहास आणि गणित असे तिघे एका मुलीच्या दप्तरात सुखाने नांदू शकतात. ऐकायला हे मोठे छान वाटते, आणि आहेही छान. पण विषय तीनच असल्यामुळे जो विषय सोडला तो कायमचा सुटतो, आणि त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे अभ्यासक्रमही बहुधा सुटतात. सोळा वर्षांच्या पोराला याची कल्पना असतेच असे नाही, आणि भारतातून आलेल्या आईबापांना तर बहुधा नसतेच. मग घरोघरी वादाला तोंड फुटते.

वाद टाळायचा तर आधी माहिती हवी. आपल्या लोकांचे काही समज इथे साफ चुकीचे ठरतात. कायदा शिकायचा तर ए लेव्हलला कायदा हा विषय लागत नाही; इतिहास किंवा इंग्रजी असे भरपूर वाचायला आणि लिहायला लावणारे विषय तिथे उत्तम. अर्थशास्त्राच्या पदवीसाठी ए लेव्हलचे अर्थशास्त्र नसले तरी चालते, पण गणित नसले की अडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले तिथे, केंब्रिजला, वॉरिकला, अर्थशास्त्रासाठी गणित हवेच. संगणकशास्त्राचेही तेच, नामांकित विद्यापीठे मुलाने शाळेत संगणक हा विषय घेतला होता का हे फारसे विचारीत नाहीत, गणित घेतले होते का हे विचारतात. इंजिनियर व्हायचे तर गणित आणि भौतिक. डॉक्टर व्हायचे तर बहुतेक ठिकाणी रसायन आणि त्याच्या जोडीला बहुधा जीवशास्त्र. वैद्यकीसाठी भौतिकाचा आग्रह इथे क्वचितच असतो.

आणि इथेच आपल्या माणसांसाठी एक मेख आहे. "इथे नाही मिळाली मेडिकलला जागा, तर पुण्याला पाठवू" असे पुष्कळ जण म्हणत असतात. पण भारतात नीट परीक्षेच्या मार्गाने एम.बी.बी.एस.ला जायचे तर बारावीच्या पातळीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी झालेले असावे लागते. इथे रसायन, जीव आणि मानसशास्त्र घेऊन मजेत बसलेल्या मुलीला परतीची ती वाट राहत नाही. भारत मनात ठेवायचा असेल तर तो विषय निवडतानाच ठेवायला हवा. दोन वर्षांनी आठवून उपयोग नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ सगळी दारे उघडी ठेवणारे विषय घ्यावेत. गणित, भौतिक, रसायन. नको कशाला? आमच्या ओळखीच्या एका घरात नेमके हेच झाले.

वडील पुण्याचे इंजिनियर, आई बँकेत. मुलगा एकुलता एक, शांत, नकाशांचा नादी. लहानपणी आमच्याकडे आला की भिंतीवरच्या जगाच्या नकाशापुढे तासभर उभा राहायचा, आणि "काकू, ही नदी उलटी का वाहते?" असले प्रश्न विचारून मला भंडावून सोडायचा. सिक्स्थ फॉर्मला वडिलांनी गणित, उच्च गणित, भौतिक आणि रसायन असे तीनाऐवजी चार विषय घ्यायला लावले. भूगोलाचे नाव मुलाने एकदाच काढले. "भूगोल काय, सुट्टीत फिरूनही शिकता येतो," असे उत्तर मिळाले आणि तो विषय तिथेच मिटला.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला, "ताई, जरा येता का?" गेले तर ती जिन्यावर बसलेली. शाळेकडून निरोप आला होता की मुलगा तीन आठवडे निम्म्या तासांना हजरच नव्हता. रोज सकाळी डबा घेऊन घरातून वेळेवर निघायचा आणि गावातल्या वाचनालयात जाऊन बसायचा. चाचण्यांचे निकाल त्याने घरी दाखवलेच नव्हते. विचारले की "ठीक आहे" एवढेच म्हणायचा. रात्री जेवायचे ताट खोलीत नेऊ लागला होता. नव्या वर्षापासून घरात हे चालले होते, आणि आईला वाटत होते की पोर अभ्यासाने दमले आहे.

वडील रागावले नाहीत. ते बोललेच नाहीत, आणि ते जास्त जड होते. पुढच्या आठवड्यात दोघे शाळेत गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले की मुलगा बुद्धीने कमी नाही, पण चार विषयांच्या ओझ्याखाली तो बुडतो आहे, आणि त्यांतले दोन त्याला नकोच आहेत. सप्टेंबरात दुसऱ्या कॉलेजात इयत्ता बारा नव्याने सुरू करावी. गणित ठेवावे, भूगोल आणि अर्थशास्त्र घ्यावे. घरी आल्यावर वडील एवढेच म्हणाले, "वर्ष गेले. आता पुण्याला काय सांगू?" त्यावर त्या माउलीने जे उत्तर दिले ते मला अजून आठवते. ती म्हणाली, "सांगा, मुलगा पुन्हा खाली आमच्याबरोबर जेवायला बसतो."

आज तो मुलगा उत्तरेकडच्या एका विद्यापीठात भूगोल शिकतो आहे. वडील त्याला भेटायला जातात आणि येताना त्याने काढलेले नद्यांचे नकाशे घेऊन येतात. वर्ष गेले ते गेलेच. पण मुलगा हातचा गेला नाही. असे प्रत्येक घरी इतक्यावर निभावतेच असे मात्र नाही, म्हणून ही हकीकत लिहिली.

तेव्हा मला वाटते, या बाबतीत आईबापांनी आणि मुलांनी कामे वाटून घ्यावीत. कोणत्या विषयाने पुढे काय मिळते आणि काय सुटते, तारखा कोणत्या, पैसा किती, ही माहिती जमवणे हे आपले काम. निवड हे मुलाचे काम. आपण माहिती न जमवता निवड मात्र करतो, आणि तिथेच सगळे बिघडते.

आमच्या घरी काय केले ते सांगते. आमच्या धाकटीला रसायन, गणित आणि इतिहास घ्यायचे होते. ह्यांना इतिहासाच्या जागी भौतिक हवे होते. दोन दिवस टेबलावर नुसता भांड्यांचा आवाज. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटले, "तुला आवडतील असे दहा अभ्यासक्रम शोध, आणि प्रत्येकाच्या पानावर प्रवेशाच्या अटी काय लिहिल्या आहेत ते वहीत उतरवून आण. बाबाही त्यांच्या मनातले पाच आणतील." रविवारी दोघे वह्या घेऊन बसले. तिच्या विषयांनी इंजिनियरिंगचे बहुतेक रस्ते बंद होत होते, वैद्यकीचे पुष्कळसे बंद होत होते. रसायनशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र, इतिहास हे सगळे उघडे राहत होते. ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "आणि दोन वर्षांनी तुला डॉक्टर व्हावेसे वाटले तर?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तर वाईट वाटेल, बाबा. पण मी हे वाचून ठरवले होते, हे मला आठवेल." ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय संपला. तिने काय निवडले यापेक्षा, काय सोडते आहे हे तिला ठाऊक होते, याचे मला समाधान वाटले.

एक लहानशी गोष्ट इथे सांगण्यासारखी. पहिले काही आठवडे बहुतेक शाळा विषय बदलू देतात. तेव्हा सप्टेंबरात मूल "हा विषय नको वाटतो" म्हणाले, तर "थोडे दिवस बघ" म्हणून दिवाळीपर्यंत ढकलू नये. तोवर ती मुभा संपलेली असते. शिवाय विषय मिळण्यालाही अट असते. गणितासाठी पुष्कळ ठिकाणी जीसीएसईला त्या विषयात ६ किंवा ७ लागतात.

आता अर्जांविषयी. विद्यापीठांचे सगळे अर्ज 'यूकास' नावाच्या एकाच संस्थेमार्फत जातात. एका अर्जात पाच ठिकाणे निवडता येतात. वैद्यकीची मात्र चारच, पाचवे दुसऱ्या विषयाचे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीसाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, आणि ऑक्सफर्ड नि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. बाकीच्यांची मुख्य मुदत जानेवारीत संपते. २०२६ च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी ठरली होती. वैद्यकीला जाणाऱ्यांची यूकॅट ही वेगळी परीक्षा त्याआधीच्या उन्हाळ्यात उरकावी लागते.

यातली खरी गोम ध्यानात घ्या. अर्ज जातो तेव्हा ए लेव्हलची परीक्षा झालेलीच नसते. ती पुढच्या मे-जूनमध्ये. मग विद्यापीठ काय पाहते? जीसीएसईचे गुण आणि शिक्षकांनी वर्तवलेली श्रेणी. शिक्षक ती वर्तवतात ती बरीचशी इयत्ता बाराच्या कामावरून आणि उन्हाळ्यातल्या चाचण्यांवरून. आपल्याकडे 'अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष' अशी एक समजूत आहे. ती विमानातून उतरतानाच टाकून द्यावी. इथे पहिल्याच वर्षी अर्धा निकाल ठरतो.

अर्जात मुलाला स्वतःविषयी लिहावे लागते. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत: हाच अभ्यासक्रम का, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. सगळे मिळून ४००० अक्षरांत. हा मजकूर आपण लिहून देऊ नये. वाचून दाखव म्हणावे, शुद्धलेखन पाहावे आणि गप्प बसावे. पन्नाशीच्या माणसाची भाषा सतरा वर्षांच्या मुलाच्या अर्जात लगेच ओळखू येते.

पुढे विद्यापीठे 'अमुक श्रेणी मिळाल्यास जागा' असे सशर्त कळवतात. त्यांतली एक पक्की आणि एक राखीव अशी दोन धरून ठेवायची. राखीव जागेची अट थोडी सोपी असावी, एवढे भान ठेवले म्हणजे झाले. ऑगस्टच्या मध्यावर एका गुरुवारी निकाल लागतो. कमी पडले तर 'क्लिअरिंग' असते. उरलेल्या जागांसाठी त्याच दिवशी विद्यापीठांना फोन करायचे. त्या सकाळी आईने चहा करावा, फोन मुलाने करावा.

राहिला पैसा. इथल्या रहिवाशांसाठी इंग्लंडमधील विद्यापीठांच्या फीची वर्षाची कमाल मर्यादा २०१७ पासून ९,२५० पौंड होती. २०२५-२६ साठी ती ९,५३५ पौंड झाली. तिच्यासाठी सरकारी कर्ज मिळते. २०२३ च्या ऑगस्टपासून शिक्षण सुरू केलेल्यांना ते फेडायचे ते पगार वर्षाला २५,००० पौंडांच्या वर गेल्यावर, आणि तेही वरच्या रकमेच्या ९ टक्के. ४० वर्षांनी उरलेले माफ. कर्ज म्हटले की आपल्या माणसाची झोप उडते, पण सावकारी कर्जाशी याची तुलना करू नये. ज्यांना हेही नको त्यांच्यासाठी, कंपनीत नोकरी करता करता पदवी घेण्याची सोय २०१५ पासून झाली आहे. फी नाही, उलट पगार मिळतो. तिला कमी लेखू नका. तिथेही जागांसाठी झुंबड असते.

ठाण्याच्या भगिनींसाठी मात्र हाच मुद्दा सर्वांत मोठा. रहिवाशाची फी आणि कर्ज मिळण्यासाठी साधारणपणे कायम वास्तव्याचा हक्क आणि आधीची तीन वर्षे या देशात राहणे, दोन्ही लागतात. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबाच्या मुलीला दोन वर्षांनी बहुधा परदेशी विद्यार्थिनीची फी भरावी लागेल, आणि ती अनेक ठिकाणी दुपटीहून अधिक असते. यजमानांनी करारावर सही करण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. नियम बदलत असतात, म्हणून विद्यापीठांना लेखी विचारावे. मुलीला आणायचे ठरले तर दहावी संपवून, सप्टेंबरच्या आत आणावे, आणि शाळांशी आधीच पत्रव्यवहार करावा. अकरावी अर्धी टाकून आणू नये. दोन वर्षांचा अभ्यासक्रम मध्येच पकडणे फार अवघड जाते. मावशीकडे राहून बारावी केली तरी काही बिघडत नाही; भारतीय बारावीच्या गुणांवर इथल्या अनेक विद्यापीठांत अर्ज करता येतो. पण यातले काय करायचे हे मुलीला विचारा. सोळा वर्षांच्या मुलीने मैत्रिणी, भाषा आणि शाळा एकदम सोडायची, ही काही सामानाच्या यादीतली बाब नव्हे.

एक विनंती दूरच्या आजी-आजोबांना, काका-मावश्यांना. फोनवर तुमचा आवाज मुलांना हवा असतो. पण या दोन वर्षांत "किती टक्के पडले?" आणि "डॉक्टर होणार ना?" हे दोन प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी "हल्ली काय वाचतोस? मला समजेल असे सांग बघू," असे विचारा. जो विषय मूल दहा मिनिटे हौसेने समजावून सांगेल, तो बहुधा त्याचा आहे. आणि ज्याच्याबद्दल ते "ठीक आहे" एवढेच म्हणेल, त्याची नोंद करून ठेवा आणि त्याच्या आईला हळूच कळवा.

यंदाची दिवाळी सर्वांना सुखाची आणि मुलांच्या मोकळ्या बोलण्याची जावो.